कॅनॉलवर गाड्या नकोत, बाकी काय हवं ते स्वप्न बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शहरात कुठला प्रकल्प व्हावा असं वाटतं, हे तुम्ही पुरवणीतून वाचकांना विचारलंत आणि या रविवारी त्याची उत्तरं छापलीत, ती सगळी वाचली. पुणेकराला हे विचारायची खरं तर गरजच नव्हती, इथे घरटी एक टाऊन प्लॅनर आहे, चहा येईपर्यंत दोन मेट्रो लाईन आणि एक बोगदा मंजूर होऊन जातो. मी पण त्यातलाच. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यावर स्केचपेननी लाईनी ओढत बसतो, बायको म्हणते त्यापेक्षा वाण्याची यादी लिहा, कामी तरी येईल.

तर उत्तरांत काय काय होतं, सिंहगडला रोपवे, मुठेतून बोटी, टेकड्यांखालून बोगदे, नदीवर काचेचा पूल. रोपवेचं इतकी वर्षं ऐकतोय की आता तो होऊन बंद पडला असं कोणी सांगितलं तरी खरं वाटेल. बोटींचं म्हणाल तर धरणातून पाणी सोडलं की भिडे पूलच पाण्याखाली जातो आणि एरवी नदीत जे वाहतं त्यातून तिकीट काढून कोण फिरणार. पण हौसेला मोल नाही, बघू दे लोकांना स्वप्नं, माझी तक्रार त्याबद्दल नाहीये. तक्रार ही की हे सगळं करायचं कुठल्या जागेत, यावर एकाही पत्रात अक्षर नाही. वर परत आपणच म्हणतो पुण्यात जागाच कुठे राहिलीय.

जागा आहे. शहराच्या आरपार जाणारे तीन लांबच्या लांब पट्टे आजही आहेत आणि तिन्ही सरकारी कागदावर आहेत. माझी सगळी स्वप्नं त्या तीन पट्ट्यांवरच आहेत, म्हणून हे पत्र.

पहिला पट्टा म्हणजे कॅनॉल. मुठा उजवा कालवा, खडकवासला धरण बांधलं तेव्हाचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. धरणापासून निघून वडगाव, हिंगणे, पर्वतीचा पायथा, स्वारगेट, एम्प्रेस गार्डन, वानवडी करत आमच्या हडपसरला येतो आणि पुढे दौंड इंदापूरकडे जातो. आता बघा, ज्या सिंहगड रोड ते हडपसर प्रवासाला माणूस रडकुंडीला येतो तो अख्खा प्रवास हा कॅनॉल वाटेत एकही सिग्नल न लागता करतो. आणि अजून एक गंमत आहे जी नकाशात दिसत नाही पण काठानी चाललात तर पायांना लगेच कळते. पाणी पंप न लावता आपलं आपण वाहत जावं म्हणून कालवा जमिनीच्या सपाटीची रेषा धरून आखलेला असतो, टेकडी आली की तिला वळसा घालतो पण चढत नाही. म्हणजे धरणापासून हडपसरपर्यंत सायकल मारत आलात तर चढ म्हणून लागणार नाही. पुण्यासारख्या टेकड्यांच्या गावात असा रस्ता आज कोणी नव्यानं आखतो म्हटलं तर आखता येणार नाही, तो दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी लेव्हल लावून आखून ठेवलाय आणि आपण त्यात गणपतीचं निर्माल्य आणि जुन्या गाद्या टाकतो.

२७ सप्टेंबर २०१८ ला हाच कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला, वस्तीत पाणी घुसलं, लोकांचे संसार वाहून गेले, ते सगळ्यांना आठवत असेल. गळती आणि चोरी तर आहेच. म्हणून खडकवासला ते फुरसुंगी असा साधारण २८ किलोमीटरचा बोगदा काढून पाणी त्यातून न्यायचं अशी योजना आहे. ती झाली की शहरातली कालव्याची जागा मोकळी होणार. आणि इथेच माझ्या पोटात गोळा येतो, कारण बोगद्याचं नाव निघालं रे निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, कॅनॉल बुजवून सिंहगड रोडला पर्यायी रस्ता करा. झालं. म्हणजे अजून एक रस्ता, त्यावर अजून गाड्या, दोन वर्षांत तो पण जाम, आणि मग त्याच्यावर उड्डाणपूल.

माझ्या कॅलेंडरवरचा कॅनॉल असा आहे. मधोमध जायला एक आणि यायला एक अशा दोन लेन, त्यावर फक्त छोट्या इलेक्ट्रिक बस, कारण वळणं बरीच आहेत, लांबलचक बस तिथे चालणार नाही आणि मेट्रोचा तर प्रश्नच नाही. एका बाजूला सायकल, दुसऱ्या बाजूला चालणारे. काठावरची झाडं आहेत तिथेच ठेवायची, रस्ता त्यांना वळसा घालून जाईल. आणि सगळं पाणी बंद करायचं नाही, एक बारीक पाट वाहता ठेवायचा, एम्प्रेस गार्डनसारख्या बागा आणि काठच्या विहिरी या पाण्याच्या झिरपण्यावर जगल्यात, ते तोडलं तर पाच वर्षांत झाडं वाळतील. जिथे जिथे मोठा रस्ता कॅनॉलला आडवा येतो तिथे सिग्नलला आधी बस सुटणार. आणि कार, टू व्हीलर, रिक्षा कोणालाही आत एंट्री नाही, नगरसेवकाला सुद्धा नाही.

यावर मला बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या लेनची, आठवण करून देतील, माहीत आहे. २००६ ला देशातली पहिली बीआरटी म्हणून कात्रज स्वारगेट हडपसर सुरू झाली ती आम्ही हडपसरकरांनी रोज भोगलीय, मधे स्टॉप, तिथे पोचायला धड झेब्रा क्रॉसिंग नाही, लेनमधे बुलेटवाले. नगर रोडची तर नंतर उखडूनच टाकली. पण पिंपरी चिंचवडला जाऊन बघा, तिथे बीआरटी चालते, कारण तिथे रस्ता आधीच रुंद करून जागा वेगळी काढली होती. आपल्याकडे चालू ट्रॅफिकच्या रस्त्यातून लेन कापून घेतली आणि मग सिग्नलला अडकलेला प्रत्येक कारवाला त्या लेनकडे बघून म्हणायला लागला बघा रिकामी पडलीय. अहो ती रिकामी दिसते कारण बस निघून गेली, अडकली असती तर दिसली असती ना. कॅनॉलच्या पात्रात आज कोणाचीच गाडी चालत नाही, म्हणजे कोणाकडून काही काढून घ्यायचं नाहीये. एकदा का तिथे गाड्या सोडल्या की मग परत बाहेर काढणं ब्रह्मदेवाच्या बापाला जमणार नाही.

दुसरा पट्टा तर रूळ टाकून तयार आहे. पुणे लोणावळा लोकल १९७८ पासून आहे. दुसऱ्या बाजूला दौंडपर्यंतच्या रुळांवर २०१७ पासून विजेच्या तारा आहेत. पण दौंडकडून येणारी गाडी पुणे स्टेशनला संपते आणि लोणावळ्याची तिथून किंवा शिवाजीनगरहून सुटते, म्हणजे शहराच्या मधोमध प्रवास तोडलाय. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळीचा माणूस पिंपरी चिंचवडला कामाला जातो, तो रेल्वेनी जायचं म्हटलं तर पुण्याला उतरून, जिना चढून, दुसऱ्या प्लॅटफॉर्मला जाऊन लोकलची वाट बघत बसणार, आणि दुपारी तर तासन्‌तास लोकलच नसते. मग तो टू व्हीलर काढतो आणि तुमच्या माझ्या पुढे ट्रॅफिकमधे उभा राहतो. माझं स्वप्न एवढंच आहे की लोकल उरुळीहून सुटावी आणि पुणे स्टेशनला दोन मिनिटं थांबून सरळ तळेगावला जावी. नवीन खांब नाही, भूमिपूजन नाही, कदाचित त्यामुळेच कोणाला त्यात रस नसावा.

रेल्वेवाले सांगतात पुणे स्टेशनला फलाट फक्त सहा, लोकलला जागा नाही. बरोबर आहे. पण म्हणूनच तर हडपसर आणि खडकीला टर्मिनल करायचं चाललंय ना, लांबच्या गाड्या तिकडून सोडायच्या आणि पुण्याचे दोन फलाट कायमचे लोकलला द्यायचे. आणि हो, आणखी एक्सप्रेस गाड्या सोडण्याआधी हडपसर स्टेशनला जायचा रस्ता तेवढा बघा, ट्रॉली बॅगा ओढत, समोरून येणारे टेम्पो चुकवत माणसं कशी जातात ते एकदा पहाटे येऊन बघाच.

तिसरा पट्टा एचसीएमटीआरचा, म्हणजे हाय कपॅसिटी मास ट्रान्झिट रूटचा. नव्या पिढीला हे नावही माहीत नसेल. १९८७ च्या विकास आराखड्यात शहराभोवती साधारण ३६ किलोमीटरचा एक गोल आखून ठेवलाय, सार्वजनिक वाहतुकीसाठी. खरं सांगायचं तर तिन्हींत दूरदृष्टीचा प्रकल्प हाच होता, आपल्या मेट्रोच्या पहिल्या दोन्ही लाईन शहराच्या मधून जातात, पण कोथरूडहून औंधला किंवा बिबवेवाडीहून विमाननगरला जाणाऱ्याला डेक्कन, स्वारगेट कशाला बघायचंय. पुढे काय झालं, तर त्याचा उन्नत मार्ग करताना चार लेन खाजगी गाड्यांना आणि दोन बसला असा हिशोब निघाला, २०१९ ला टेंडर अंदाजाच्या फारच वर गेलं आणि पुढे रद्द झालं, मग रबरी टायरवर चालणाऱ्या निओ मेट्रोची चर्चा, मग शांतता. तोपर्यंत आखलेल्या पट्ट्यात काय काय उभं राहिलं ते उपग्रहाच्या नकाशात कोणीही बघू शकतं. आराखड्यात आखलं म्हणजे जागा वाचली असं नसतं हे या एका गोलावरून शिकलो तरी पुरे.

आता बिल्डिंगचं एक स्वप्न, मग थांबतो. शिवाजीनगर. मेट्रोच्या कामासाठी तिथला एसटी स्टँड वाकडेवाडीला हलवला तेव्हा सांगितलं होतं थोड्या दिवसांसाठी. जमिनीखाली मेट्रो स्टेशन होऊन त्यातून गाड्या धावायला लागल्या, सप्टेंबर २०२४ ला ती स्वारगेटपर्यंत पोचली पण, एसटी मात्र वाकडेवाडीलाच. एका आवारात रेल्वे, मेट्रो, एसटी आणि पीएमपीच्या शहर बस चारही आणता येतील अशा जागा पुण्यात फार नाहीत. मला तिथे काचेचा टॉवर नकोय, मॉल तर मुळीच नको. एक मोठ्ठं छप्पर, ज्याच्याखाली नाशिकहून आलेली आजी पिशव्या घेऊन न भिजता मेट्रोच्या लिफ्टपर्यंत जाईल. वर एसटीचं कँटीन. सामान ठेवायची खोली. पहाटे चारला उघडं असणारं स्वच्छ बायकांचं टॉयलेट, ज्याच्या बाहेर पैसे मागायला कोणी बसलेलं नसेल. ऑफिसं, दुकानं काय काढायची ती याच्यावरच्या मजल्यांवर काढा, खर्च निघाला पाहिजे हे मलाही कळतं, पण तळमजला प्रवाशाचा.

तुम्हाला विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी स्वप्नं मागवाल तेव्हा सोबत शहराचा एक कोरा नकाशा छापा, त्यावर कॅनॉल, रेल्वे आणि एचसीएमटीआर हे तिन्ही पट्टे आधीच ठळक दाखवा आणि लोकांना म्हणा काढा आता लाईनी. आणि तुमच्या बातमीदारांना एक काम द्या, बोगदा झाल्यावर कालव्याच्या जागेचं काय करायचं हे नक्की कोण ठरवणार, पाटबंधारे की महापालिका की पीएमआरडीए (महानगर विकास प्राधिकरण), आणि त्यावर नागरिकांच्या हरकती कधी घेणार, हे तिघांना विचारून छापा.

आपला,
एक हडपसरकर

ता. क. लोकल उरुळीहून सुटेल तेव्हा सुटेल, तोपर्यंत गाड्यांच्या वेळा बघून हडपसरच्या गाडीतळ बस स्टॉपवरून हडपसर स्टेशनला एक मिडीबस सकाळ संध्याकाळ सोडायला काहीच हरकत नाही, त्याला टेंडर लागत नाही.