चि. चिमीस

चि. चिमी,
अनेक आशीर्वाद.

म्युनिकच्या मनोविकार संशोधन संस्थेत आनुवंशिकतेच्या गटात तुला घेतलं हे वाचून आईने देवापुढे साखर ठेवली. मी वाचनालयात सगळ्यांना सांगून आलो. पण मेल तिथल्या रात्री दोनला पाठवलास. झोपतेस ना वेळेवर?

संस्थेच्या पत्त्यात क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाचं नाव दिसलं म्हणून वाचत बसलो. १९१७ च्या फेब्रुवारीत, ऐन महायुद्धात, त्याने ही संस्था उभी केली. पाच लाख मार्क दिले जेम्स लोबने. अमेरिकन ज्यू, बँकवाल्यांच्या घरातला आणि क्रेपेलिनचाच पेशंट. तोफा ओतणाऱ्या क्रुपचाही पैसा होता. दोन महिन्यांत लोबचा देश शत्रू झाला. क्रेपेलिन तर इंग्लंडला लवकर चीत करा म्हणणाऱ्या मंडळींत होता. लोबने मनाचं दुखणं स्वतः भोगलेलं, क्रेपेलिनला राष्ट्र बळकट करायचं होतं. संस्था एकच, आणि पुढे राष्ट्रवाल्यांचं चाललं. १९३१ मध्ये तिथे रुडिन हा मनोविकारतज्ज्ञ प्रमुख झाला. मे १९३३ मध्ये लोब गेला आणि जुलैत नाझींचा सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला. त्यावरचं भाष्य लिहिणाऱ्यांत हाच रुडिन. लाखो माणसं त्यात भरडली. १९३५ मध्ये फेलिक्स प्लाउटला ज्यू म्हणून काढलं, संस्थेच्या सुरुवातीपासूनचा माणूस.

कायद्यातल्या आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता, चिमी. म्हणजे आपला नाना.

गोळ्यांनी त्याचा हात थरथरतो म्हणून तू चहा अर्धाच कप ओतायचीस आणि उरलेला मागाहून, त्याला कळू न देता. सहा वर्षांची होतीस. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. तिथे नमुन्यांवर नुसते नंबर असतील. प्रत्येक नंबरामागे असा एक कप असतो, एवढं धरून ठेव. पैसा कोण देतंय आणि त्याला त्यातून काय हवंय, हे विचारायला भिऊ नकोस.

व्याख्यान झालं. राग मानू नकोस, तुला हे सगळं माझ्याआधी ठाऊक असणार. खरं सांगायचं तर मला दुसरंच विचारायचं होतं. नानाचं सुरू झालं ते झोप उडण्यापासूनच, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आम्ही त्याला अभ्यास समजत होतो. तुझं तसं काही नाही, मला माहीत आहे. तरी दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही तर लपवू नकोस, लगेच डॉक्टरांना सांग. मलाही सांग, कितीही वाजले असोत.

आईला बोललो नाही अजून, पण पासपोर्टचा अर्ज भरून टाकलाय.

तुझे,
बाबा