टोपणनावांच्या यादीत प्रश्नचिन्हाला पण जागा ठेवा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत व्हेनोनावरचा, म्हणजे सोव्हिएत हेरांच्या सांकेतिक तारा फोडायच्या अमेरिकन प्रकल्पावरचा, लेख वाचला, आवडला, पण सोबत 'कोण होता कोण' म्हणून जी चौकट दिलीय ती बघून राहवलं नाही. डावीकडे तारेतलं टोपणनाव, उजवीकडे माणूस, झालं काम. अहो इतकं सोपं असतं तर अमेरिकन लोक 1943 पासून 1980 पर्यंत त्या सोव्हिएत तारांवर डोकं फोडत बसले असते का?

1995 पासून ते संदेश खुले झाले, सुमारे 3000 आहेत, तर मी रिकामटेकडेपणात त्यातल्या नावांची सूची एक्सेलमध्ये करायला घेतली आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की एका माणसाला एक ओळ पुरत नाही. सोव्हिएतांसाठी हेरगिरी करणारा अमेरिकन इंजिनिअर ज्युलियस रोझेनबर्ग सप्टेंबर 1944 पर्यंत अँटेना, नंतर लिबरल. अणुबॉम्ब प्रकल्पातला शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स आधी रेस्ट मग चार्ल्स. तारखेचा रकाना नसला की एकाचे दोन हेर होतात, आणि तुमच्या चौकटीत अँटेना आणि लिबरल खरंच दोन वेगळ्या ओळींत आहेत!

दुसरी भानगड भाषेची. ब्रिटिश राजनैतिक अधिकारी डोनाल्ड मॅक्लीनचं नाव होमर, पण रशियनमध्ये 'ह' नाही म्हणून मूळ तारेत तो गोमर. मग तो ग खाली टाकायचा की ह खाली? मी दोन्हीकडे टाकला आणि एका ठिकाणी 'पाहा' लिहिलं. तुम्ही 'स्टार' म्हणजे तारा असं छापलंय ते तर साफ चूक, तो रशियन शब्द आहे, म्हातारा या अर्थाचा. अणुबॉम्बची माहिती देणारा थिओडोर हॉल 'म्लाद' म्हणजे तरुण, आणि त्याचा मित्र सॅव्हिल सॅक्स त्याच्यापेक्षा जेमतेम सव्वा वर्षाने मोठा म्हणून तो म्हातारा, दोघंही विशीच्या आसपासची पोरं. तसंच 'खाता' दिसलं की मराठी माणसाला बँकेतलं खातं आठवणार (त्यात अमेरिकन परराष्ट्र खात्याचं नाव खरोखरच 'बँक' होतं), पण खाता म्हणजे झोपडी, आणि ती झोपडी कोणाची तर एफबीआयची. 'इझबा' म्हणजेही झोपडीच, ती मात्र ओएसएसची (अमेरिकेची युद्धकाळातली हेरसंस्था), म्हणजे नुसतं भाषांतर करून सूची लावली तर दोन्ही गुप्तचर खाती एका छपराखाली.

आणि यादीत नाव नाही म्हणजे माणूस नव्हता असंही धरू नका. न्यूयॉर्क ते मॉस्को केजीबीच्या संदेशांपैकी 1944 चे 49 टक्के वाचता आले आणि 1945 चे फक्त 1.5 टक्के, त्यामुळे 1945 मध्ये एखादं नाव दिसेनासं झालं तर हेर गप्प बसला का आपण आंधळे झालो हे कसं ठरवणार?

सगळ्यात जास्त अडलो ते एथेल रोझेनबर्गपाशी. 27 नोव्हेंबर 1944 च्या तारेत लिबरलच्या बायकोची माहिती आहे, वय 29, नाव एथेल, आणि हे नाव खरंच, टोपणनाव नाहीच. फक्त टोपणनावांची सूची केली तर ही बाई त्यात येतच नाही, आणि तिला टोपणनाव नव्हतं हाच मुद्दा तिच्या बाजूने बोलणारे आजही मांडतात. 19 जून 1953 ला नवऱ्यासोबत तिलाही विजेच्या खुर्चीत बसवलं. मी शेवटी तिच्यासाठी कोरा टोपणनावाचा रकाना ठेवून ओळ केली, एक्सेल ती सॉर्ट करताना दरवेळी तळाला ढकलतं.

आता 'अ‍ॅलेस'. तुम्ही सरळ अ‍ॅल्जर हिस (अमेरिकन परराष्ट्र खात्यातला अधिकारी) छापलंत. हे नाव ज्यात आहे त्या 30 मार्च 1945 च्या तारेखाली अमेरिकन तळटीप आहे तिच्यात 'बहुधा' हा शब्द आहे, आणि त्या एका शब्दावरून इतिहासकार अजून भांडतायत. माझं स्वतःचं मत हिसच्या विरोधात झुकतं, पण म्हणून 'बहुधा' गाळायचा अधिकार मला मिळत नाही आणि तुम्हालाही नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल तर नुसतं 'स्टार'चं भाषांतर बदलू नका. प्रत्येक नावापुढे कुठल्या शहरातली तार, कुठल्या तारखेपासून आणि ओळख पक्की का बहुधा का माहीतच नाही, एवढं टाका. चौकट थोडी मोठी होईल, बाजूच्या जाहिरातीला सांगा जरा सरकायला.

आपला,
एक जुना वाचक