पनीरचा हिशेब दुधापासून करा

महोदय,

सणांच्या तोंडावर बनावट पनीर पकडल्याच्या बातम्या येतात, आमच्या सिडकोतल्या बायका आठवडाभर पनीर आणायचं बंद करतात आणि मग पुन्हा तेच दुकान, तेच पनीर. मी डबे करते. डब्यात पनीरची भाजी लागतेच, पण पनीर मी घरीच करते.

हिशेब साधा आहे. एक लिटर म्हशीच्या दुधाचं साधारण 200 ग्रॅम पनीर होतं, म्हणजे किलोला 5 लिटर दूध. दूध 70 रुपयांनी धरलं तरी नुसत्या दुधाचेच 350 रुपये झाले. मग 220 रुपये किलोचं पनीर कशाचं? असा भाव सांगणाऱ्या विक्रेत्याला विचारलं, तर ‘हॉटेलवाले हेच नेतात, ताई’ एवढंच उत्तर मिळालं. दूध पावडर आणि पाम तेलासारखी वनस्पती तेलं वापरून केलेला हा ‘अ‍ॅनालॉग’ माल तसं लेबल लावून विकायला कायद्याची आडकाठी नाही. पनीर म्हणून विकायला आहे. पण लेबल असतं पिशवीवर. सुट्या तुकड्यावर किंवा हॉटेलातल्या भाजीत ते कुठून दिसणार? आयोडीनच्या थेंबाने निळं झालं नाही म्हणजे पनीर अस्सल, अशीही एक समजूत आहे. आयोडीनने फक्त स्टार्च कळतो, तेल कळत नाही.

घरचं पनीर चिवट होतं ही तक्रार मी नेहमी ऐकते. उकळत्या दुधात एकदम लिंबू पिळून वर ते शिजवत ठेवलं की तसं होणारच. दूध उकळलं की गॅस बंद करावा, तीन-चार मिनिटं थांबावं, मग पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस थोडा थोडा घालत हलक्या हाताने ढवळावं. हिरवट पाणी सुटलं की लिंबू थांबवायचं. मी तर लिंबूही वापरत नाही. आधीच्या खेपेचं पनीरचं पाणी रात्रभर आंबवून तेच घालते. जरा जास्त लागतं, पण पनीर मऊ होतं आणि लिंबाचा वास राहत नाही. मग पंच्यात गाळून, वर गार पाणी ओतून, पुरचुंडी अर्धा तास वजनाखाली ठेवायची. उरलेल्या पाण्यात कणीक भिजवावी, आमटीतही घालावं. त्यात प्रथिनं असतात, ते मोरीत ओतू नका.

आमच्या सासूबाई ‘चांगलं दूध मुद्दाम नासवू नये’ म्हणत. अजूनही पुष्कळ घरांत पनीर विकतच येतं ते याच भावनेने. त्या भावनेचा मला मान आहे, पण मुलांच्या पोटात काय जातं हे ठाऊक असणं मला त्याहून मोठं वाटतं.

घरी करणाऱ्यांचा प्रश्न सुटेल, बाहेर खाणाऱ्यांचं काय? 2027 चा सिंहस्थ जवळ येतो आहे. पनीर दुधाचं की अ‍ॅनालॉग, हे हॉटेलांनी मेनूकार्डावर मराठीत छापावं, आणि अन्न व औषध प्रशासनाने पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरच्या खानावळींची तपासणी आत्तापासूनच सुरू करावी. ऐन पर्वणीत नमुने घेतले, तर अहवाल येईपर्यंत ते पनीर खाल्लेला भाविक आपल्या गावी पोचलेला असेल.

— डबे करणारी एक वाचक, सिडको, नाशिक