वडगावच्या पेंटर मामांना, क्लिअर कोटबद्दल

मामा, नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहून काढलं, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं. नातीला वाचून दाखवायला सांगा. घरी गाडी रंगवायला निघालेलं आणखी कुणी वाचत असेल तर त्याचंही काम होईल.

बाबांच्या मारुती 800 च्या टपावरचा आणि बॉनेटवरचा क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, उन्हानं पापुद्रे धरून निघाला होता. गॅरेजमधून आलेला आकडा गाडी विकून येणाऱ्या पैशाला टेकत होता. रंग तोच सिल्व्हर ठेवायचा, म्हणजे आरसी बुकात काही बदलायचं नाही, एवढंच माझं ठरलेलं. ते काम तुम्ही सहज अंगावर घेऊ शकला असता. तुमच्या ओळखीनं बाकीचं सामानही स्वस्तात आलं असतं. तुम्ही म्हणालात, "मी गन धरली की गाडी माझी झाली. तुला करायचीय न्हवं? मग मी बाजूला बसतो."

आणि खरंच बसलात. उचगावच्या वाटेवरच्या आमच्या परड्यात, पत्र्याच्या शेडबाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीवर. पूर्ण कामात तुम्ही रंग फवारायची गन फक्त एकदाच हातात घेतलीत, तीही रिकामी, मनगट कसं धरायचं ते दाखवायला.

रंगकामाचे व्हिडिओ मी पोटभर बघितले होते. सगळ्यांत गाणं वाजतं, गन फिरते, गाडी चमकते. मधलं थांबणं कुणी दाखवत नाही, कारण ते बघायला कंटाळवाणं असतं. तुम्ही मला मुख्यतः थांबणंच शिकवलंत. पावसाळाभर तर तुम्ही मला गनला हात लावू दिला नाही. हवेत ओल असली की क्लिअर दुधाळ होतो, म्हणालात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडं पत्र्याच्या शेडमध्ये ओलीशिवाय दुसरं काय असतं? पाऊस गेल्यावर मी लगेच सकाळी सकाळी सुरू करणार होते, तर तुम्ही गाडीच्या पत्र्यावर बोट फिरवून दव दाखवलंत. बेळगाव 750 मीटरच्या आसपास उंचीवर. इथली थंडीची सकाळ कोरडी वाटते, पण पत्रा गार आणि ओला असतो. ऊन चढून पत्रा हाताला कोमट लागला की सुरू करायचं आणि संध्याकाळचा गारवा उतरायच्या आत आवरायचं.

धुळीचं तुमचं वेड मला आधी जास्तच वाटलं होतं. मग कळलं, तुमची सगळी उमेदवारी मागांच्या गल्लीत गेली. शेजारी माग चालू असताना क्लिअर मारला की सुताचे तंतू येऊन बसतात, म्हणून माग बंद व्हायची वाट बघत तुम्ही शिकलात. आमच्याकडं माग नाहीत, पण उसाचा पाला पेटवला की काळी राख उडत येते. म्हणून तुम्ही आधी शेजारच्या शेतवाल्याला विचारून यायला लावलंत, मग शेडच्या जमिनीवर पाणी मारायला. आणि पुतण्याला डॅशबोर्डच्या पॉलिशचा स्प्रे घेऊन शेडच्या आसपास फिरकू दिला नाही. त्यातलं सिलिकॉन पत्र्यावर बसलं की क्लिअर तिथून मागं सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पुतण्या रुसला, तुम्ही त्याला कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडायचं काम दिलंत. टाकीत साठलेलं पाणी नळीतून गनमध्ये आलं तर सगळंच संपलं, हे त्याला आता माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे.

मास्कबद्दल मात्र तुम्ही आवाज चढवलात. मी तोंडाला ओढणी बांधली होती. "आम्ही रुमाल बांधून जन्म काढला, तू काढू नकोस," एवढंच म्हणालात आणि डबा उघडू दिला नाही. टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या क्लिअरला घट्ट करणाऱ्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा वास येवो न येवो, ते छातीत जातं, आणि एकदा का अंगाला त्याची बाधा बसली की पुढं थोड्या वाफेनंही दमा उठतो. रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. मोठ्या कारखान्यात रंगाऱ्याला बाहेरून नळीनं ताजी हवा देतात. घरी निदान ऑर्गॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजचा, म्हणजे वाफ शोषणाऱ्या डब्या लावलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, हातमोजे, चष्मा, आणि शेडची दोन्ही बाजूंची दारं उघडी. मी मास्क आणेपर्यंत काम बंद राहिलं. आमच्या भागात कितीतरी गॅरेजांत आजही पोरं तोंडाला फडकं बांधूनच क्लिअर मारतात. त्यांच्या मालकांनी तुमच्याकडं एक दिवस बसायला यावं, असं मला फार वाटतं.

मिसळायचं माप तुम्ही डोळ्यानं करू दिलं नाही. दोन भाग क्लिअरला एक भाग हार्डनर; काही डब्यांना चारास एक लागतं, म्हणून आधी डबा वाचायचा. थिनर डब्यावर लिहिलंय तेवढंच. हार्डनर काढला की झाकण लगेच घट्ट, नाहीतर हवेतली ओल तो डब्यातच खातो.

गन 1.4 मिलिमीटर भोकाच्या टीपची. पत्र्यापासून वीतभर, खरं तर बोटभर कमीच. हात खांद्यातून सरळ न्यायचा, मनगट वळवलं की दोन्ही टोकांना पातळ आणि मध्ये जाड बसतं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या अर्ध्यावर. हे सगळं तुम्ही जुन्या कपाटाच्या दारावर घोटून घेतलंत. गन लांब धरली की थेंब वाटेतच सुकतात आणि संत्र्याची साल उमटते. जवळ धरून रेंगाळलं की ओघळ. दोन्ही मुद्दाम करून बघायला लावलंत, दारावरच, म्हणजे गाडीवर दिसायच्या आत ओळखता येतील.

पण मामा, मला खरं वळण लागलं ते ट्यूबलाइटपाशी. तुम्ही शेडच्या भिंतीला ट्यूब आडवी लावलीत आणि म्हणालात, "रंगाकडं बघू नको ग. ट्यूबच्या सावलीकडं बघ." ओल्या क्लिअरमध्ये ट्यूब उमटते. तिची कड फाटकी दिसली तर कोट कोरडा पडतोय. कड हळूहळू जुळून सरळ झाली की तिथं पुरे, पुढं सरकायचं; आणखी मारलं तर ओघळ. गनचा वेग तेव्हापासून मी ट्यूबच्या कडेवरून ठरवते. हे मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नव्हतं.

पहिला हात हलका, नुसती पकड धरण्यापुरता. मग थांबणं. दहा-पंधरा मिनिटं, पण घड्याळावर तुमचा भरवसा कमीच. मास्किंग टेपवर पडलेल्या क्लिअरला बोट लावायचं. चिकट लागला पण तार निघाली नाही, तर दुसरा हात. गाडीला बोट लावायचं नाही, टेपला लावायचं! त्यानंतरचे दोन हात भरून.

नीट वाळल्यावर टपावरची थोडी साल 1500 नंबरच्या पाणीपेपरनं, म्हणजे ओल्यानं घासायच्या बारीक पॉलिशपेपरनं, काढली, पाण्यात थेंबभर भांड्याचा साबण घालून. मग 2000, मग 3000, मग चमक आणायला कंपाउंड. कडांना आणि बॉडीच्या घड्यांना आधी टेप लावून घेतली, कारण तिथं क्लिअर मुळातच पातळ बसतो आणि घासताना पहिल्यांदा तिथंच तुटतो. डाव्या दरवाजाखाली अजून किंचित साल आहे. मी ती घासायला निघाले तर तुम्ही म्हणालात, राहू दे, खाली वाकून कोण बघतंय. ते मला अजून पटलेलं नाही. पण पेपर उचललेला नाही.

बाबा गाडी धुताना आता कुणाला बादली धरू देत नाहीत. निदान महिनाभर वॅक्स लावायचं नाही हा तुमचा निरोप त्यांनी कागदावर लिहून शेडच्या दाराला चिकटवलाय. टपात झाडाच्या फांद्या दिसतात, तर ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवतात, आणि "पेंटर कोण?" म्हटलं की माझ्याकडं बोट करतात. मी तुमचं सांगते.

पुढचा बंपर राहिलाय. प्लास्टिकला वेगळा प्राइमर लागतो आणि उसाच्या ट्रॉल्यांची धूळ थांबल्यावर तो मारू, असं तुम्ही म्हणाला होतात. दिवस ठरला की कळवा, मी न्यायला येते. पैशाचं बोलायचं नाही असं तुमचं ठरलेलंच आहे, तर कुंदा आणते. साखरेचं तुमचं पथ्य मामींनी सांगितलंय, म्हणून डबा त्यांच्याच हातात देणार.

तुमची,
मारुतीवाल्यांची पोरगी