एका तुटक्या तारेपायी अख्खे यंत्र अडगळीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोटारीच्या काचेला चिकटवून वापरायच्या जीपीएस यंत्राचा चार्जर बिघडला की बहुतेक जण यंत्रच जुने झाले असे समजून ते कपाटात टाकतात आणि मोबाइलवर भागवतात. माझे यंत्रही त्याच वाटेने निघाले होते. इंजिन सुरू असतानाही बॅटरी भरेना; वायर एका ठरावीक कोनात वाकवून धरली तरच पडद्यावर चार्जिंगची खूण उमटे आणि गाडीला जरासा धक्का बसला की विझे. ज्या विक्रेत्याकडे विचारले त्याने वायर हातातही न घेता 'हा चार्जर सुटा मिळत नाही, नवीन यंत्रच घ्या' असे सांगून टाकले. हे उत्तर चुकीचे होते हे मला पुढच्या दोन संध्याकाळी खटपट केल्यावर कळले, आणि तशीच अडचण आलेल्या इतर वाचकांना उपयोग व्हावा म्हणून हा पत्रप्रपंच.

या चार्जरचे काम मुळात साधे आहे. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये म्हणायला 12 व्होल्ट, पण इंजिन चालू असताना प्रत्यक्षात 14 व्होल्टच्या आसपास दाब असतो. तो उतरवून यंत्राला 5 व्होल्ट पुरवायचे. चार्जरच्या टोकाची पिन ही धन बाजू आणि दोन्ही अंगांच्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या ही ऋण बाजू. दोष शोधताना आधी सॉकेट तपासावा, म्हणजे त्यात दुसरा कुठलाही चालता चार्जर लावून पाहावा. सॉकेटमध्ये पडलेल्या एखाद्या नाण्यामुळेही गाडीचा फ्यूज उडतो आणि बिचाऱ्या चार्जरवर आळ येतो. सॉकेट ठीक असेल तर चार्जरची पुढची टोपी फिरवून पाहावी. अनेक चार्जरमध्ये तिच्याआड काचेचा लहान फ्यूज आणि एक स्प्रिंग असते. हे काम टेबलावर फडके पसरूनच करावे. मी ते गाडीत बसून केले आणि उडालेली स्प्रिंग सीटखालून शोधून काढण्यात पाऊण तास घालवला.

फ्यूज उडालेला असेल तर त्याच्या धातूच्या टोपणावर कोरलेल्या अँपिअरचाच नवा घालावा. फ्यूजभोवती चांदीचा कागद गुंडाळून वेळ मारून नेण्याची जुनी खोड मात्र महागात पडू शकते, कारण मग संरक्षणाला उरतो तो गाडीचा स्वतःचा फ्यूज, जो सहसा 10 ते 20 अँपिअरचा असतो, आणि तो वितळण्याआधी चार्जरची बारीक वायरच तापून वितळेल.

माझ्या बाबतीत फ्यूज शाबूत होता. मल्टिमीटर बझरवर (तार अखंड असेल तरच तो वाजतो) ठेवून वायरची दोन टोके तपासली तेव्हा वायर सरळ असताना आवाज नाही आणि वाकवली की आवाज, असा प्रकार दिसला. वायर जिथे चार्जरच्या जाड बुंध्यातून बाहेर येते, नेमके तिथेच तांब्याचे तंतू तुटले होते. रोज काढताना बुंधा धरून न ओढता वायर धरून ओढण्याची माझी सवय होती, त्यामुळे यात दोष कंपनीचा नाही, माझा आहे. कंपनीचा दोष पुढे आहे.

वायर जोडण्याचा खटाटोप टाळावा म्हणून मी आधी पळवाट शोधली. घरातली तशाच मिनी यूएसबी टोकाची साधी केबल मोबाइलच्या गाडीतल्या चार्जरला लावून यंत्राला जोडली, तर नकाशा गेला आणि पडद्यावर संगणकाचे चित्र आले. आपल्याला संगणकाशी जोडले आहे अशी यंत्राची समजूत झाली होती. कारण असे, की मिनी यूएसबीच्या टोकात पाच संपर्क असतात. दोन विजेचे, दोन माहितीचे, आणि चौथ्या क्रमांकाचा एक ओळख पटवण्यासाठीचा. साध्या केबलमध्ये हा चौथा संपर्क मोकळाच सोडलेला असतो. काही कंपन्या मात्र त्यावर एक रोधक बसवून 'हा गाडीतला चार्जर आहे' अशी खूण यंत्राला देतात. इतर काही यंत्रे माहितीच्या दोन तारा एकमेकींना जोडलेल्या आहेत की नाही यावरून चार्जर ओळखतात. खूण पटली नाही तर वीज मिळत असूनही यंत्र रस्ता दाखवत नाही. 'बाहेरचा चार्जर चालत नाही' या विक्रेत्यांच्या ठाम विधानामागचे गूढ ते एवढेच.

म्हणून मूळ वायरच वाचवायचे ठरवले. बुंध्यावर स्क्रू दिसत नव्हता. लेबलवरून अंगठा फिरवला तेव्हा त्याखाली खळगा लागला आणि तिथे तो दडलेला निघाला. वायरचा तुटका भाग कापल्यावर आत फक्त लाल आणि काळी अशा दोनच तारा दिसल्या, त्यावरून ओळख पटवणारी जी काही करामत होती ती पलीकडच्या टोकाच्या साच्यातच असणार हे स्पष्ट झाले आणि जीव भांड्यात पडला. दोन्ही तारा सोलून आतल्या सर्किटच्या पट्टीवर मूळ जागी डाख दिला, ताण डाखावर न येता बुंध्यावर यावा म्हणून आतल्या बाजूला वायरला गाठ मारली आणि झाकण लावण्याआधी मल्टिमीटरवर 5 व्होल्ट उलटसुलट न होता येत असल्याची खात्री केली. हे शेवटचे पाऊल कोणीही गाळू नये, कारण लाल आणि काळ्याची अदलाबदल यंत्राच्या जिवावर बेतू शकते.

तुटकी वायर किंवा उडालेला फ्यूज दुरुस्त करणे योग्यच, पण आतल्या दाब उतरवणाऱ्या भागातून जळका वास येत असेल किंवा 5 व्होल्टऐवजी भलताच आकडा दिसत असेल, तर तो चार्जर टाकून द्यावा. तो भाग निकामी होऊन गाडीचा पूर्ण दाब यंत्रात शिरला तर वाचवण्यासारखे काही उरणार नाही. बदली चार्जर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात, कारण यंत्र लागेल तेवढाच प्रवाह ओढते. 2 अँपिअरच्या चार्जरने यंत्र जळते ही समजूत निराधार आहे. उलट लांबलचक बारीक केबल अधिक त्रासदायक असते: 28 गेज (तारेच्या जाडीचे माप) ची बारीक तार मीटरला सुमारे 0.21 ओहम रोध करते, म्हणजे दोन मीटरच्या केबलमधून जाऊन-येऊन 1 अँपिअर वाहिला तर 0.85 व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि यंत्र चार्जिंग घेत-सोडत राहते. ट्रकवाल्यांनी तर 24 व्होल्ट चालतील असे चार्जरवर छापलेले असल्याशिवाय तो लावूच नये.

आता उत्पादकांविषयी. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून तिथे नव्याने विक्रीला येणाऱ्या अनेक उपकरणांना चार्जिंगसाठी यूएसबी-सी जोडणी सक्तीची केली असून त्या यादीत हाताळता येणारी दिशादर्शक यंत्रेही आहेत. हे चांगलेच झाले, पण आधीच लोकांच्या हातात असलेल्या मिनी यूएसबीच्या यंत्रांना त्याचा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी कंपन्यांनी चार्जर सुटा विकत राहावा, बुंधा डिंकाने बंद न करता उघड दिसणाऱ्या स्क्रूने बांधावा, आणि ओळखीची खूण कोणत्या संपर्कावर व कशी दिली आहे हे माहितीपुस्तिकेत एका ओळीत छापावे. यात कुठलेही व्यापारी गुपित फुटत नाही. ही एक ओळ विक्रेत्यासमोर असती, तर मला नवे यंत्र घ्यायला सांगण्याऐवजी वायर हातात घेऊन पाहावी असे त्याला वाटले असते.

तूर्त ती ओळ मी स्वतःच कागदाच्या पट्टीवर लिहून चार्जरवर चिकटवली आहे: '5 व्होल्ट, लाल धन, टोक कापू नये, स्क्रू लेबलखाली.'

आपला,
एक नियमित वाचक