न दिसणारा फळा शब्दांत आणणाऱ्या काकांना

इंदूर

आदरणीय काकांना सा. न. वि. वि.

हे पत्र खरे तर शेजारच्या घरी येऊन तुमच्या हातात द्यायला हवे होते. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण तुमचे काम ज्यांच्यापर्यंत पोहोचले त्यांच्यापैकी बहुतेकांना ते कोणी केले हे आजही ठाऊक नाही. अलीराजपूर, बडवानी, खरगोनकडच्या माझ्या वर्गमित्रांना रोज संध्याकाळी एक ध्वनिफीत मिळत असे, एवढेच त्यांना माहीत आहे. तुमचे नाव कुठे लिहायचे नाही, असे तुम्ही तेव्हाच बजावले होते आणि तो शब्द मी पाळते आहे. पण मल्हारगंजातल्या आपल्या गल्लीतून आमचा एम.ए.चा वर्ग सव्वा वर्ष कसा चालला, हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये २२ तारखेचा जनता कर्फ्यू झाला, २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली आणि इंदुरात तर दूध-भाजीसाठीही दाराबाहेर पाऊल टाकणे अवघड झाले. मी तेव्हा अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात होते. बाबा कापड बाजारातल्या एका दुकानात नोकरीला. दुकान बंद झाले तसा पगारही थांबला. घरात स्मार्टफोन एकच, तो आईचा, आणि त्यावर रोजचा दीड जीबी डेटा. धाकट्या भावाची शाळा आणि माझे महाविद्यालय या दोघांनीही तासांसाठी सकाळी अकराचीच वेळ धरली होती. भाऊ दहावीत जाणार होता, म्हणून फोन आधी त्याला मिळे आणि तसेच व्हायला हवे होते. माझ्या वाट्याला फोन येई तोवर दिवसाचा डेटा संपत आलेला असे आणि तो संपला की वेग ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटवर, उतरे. त्या वेगात सरांचा चेहरा पडद्यावर गोठून राही, आवाज तुटत तुटत येई आणि थोड्या वेळाने तोही बंद पडे. कॅमेरा सुरू नसेल तर गैरहजेरी, असा आमच्याकडे नियम होता. वर्गात माझे नाव पुकारले गेले तेव्हा मी गच्चीवर फोन उंच धरून उभी होते आणि तरीही गैरहजर ठरले. ते दुःख मी त्या वेळी घरात कोणाला सांगितले नाही. बाबांच्या चिंतेत आणखी भर घालायची नव्हती.

त्याच गच्चीवर, कठड्यापलीकडून, तुम्ही मला पहिला प्रश्न विचारलात. नेटवर्क कसे आहे, फोन कोणता आहे, असे सगळेच विचारत होते. तुम्ही विचारलेत, “तुटतं ते चित्र की आवाज?” मी म्हणाले, आधी चित्र जाते, मग आवाज. तेव्हा मालवा हाऊसमध्ये आकाशवाणीच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाने कठड्यावर बोटाने आकडे मांडत मला जो हिशोब सांगितला, तो मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. भाषणाचा आवाज नीट कळण्यासाठी ३२ केबीपीएस पुरतात. या दराने तासभराची ध्वनिफीत साडेचौदा एमबीच्याही आत बसते, तर चित्रासह तोच तास कित्येक पट जागा घेतो. डेटा संपल्यावर वेग ६४ वर येतो. म्हणजे त्या पडलेल्या वेगातही तासाचे व्याख्यान अर्ध्या तासात फोनवर उतरेल. व्हॉट्सॲपवर तेव्हा ध्वनिफितीची मर्यादा १६ एमबी होती, तिच्यातही ते मावत होते. माझी अडचण दारिद्र्याची आहे असे मी धरून चालले होते. तुम्ही ती प्रसारणाची अडचण म्हणून पाहिलीत, आणि प्रसारणाच्या अडचणी सोडवण्यात तुमची हयात गेली होती.

दुसऱ्या दिवशीपासून तुम्ही कामाला लागलात. त्याआधी मला एक काम दिलेत, ते म्हणजे प्रत्येक प्राध्यापकांना पत्र लिहून परवानगी मागण्याचे. “त्यांचा आवाज त्यांचा आहे, न विचारता घ्यायचा नाही,” हे तुमचे वाक्य होते. तिघांनी लगेच होकार दिला. एका सरांनी नकार दिला आणि त्यांचा तास तुम्ही एकदाही ध्वनिमुद्रित केला नाहीत, मी कितीही गळ घातली तरी. बाकीच्या तासांना तुम्ही तुमच्या तारेच्या ब्रॉडबँडवरून, संगणकासमोर हेडफोन लावून, श्रोता म्हणून बसत होता. वयाच्या सत्तरीनंतर पुन्हा एकदा तुम्ही रोज अकराला ड्युटीवर हजर होता, असे काकू म्हणत.

ध्वनिमुद्रणानंतर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरवर तुम्ही जे करत होता ते एकदा तुमच्या शेजारी, मास्क लावून, दोन हात लांब बसून मी पाहिले. आधी सरांच्या पंख्याची घरघर: कोणी बोलत नसताना नुसता पंखा ऐकू येतो, असा छोटा तुकडा निवडून त्याच्या आधारे तीच घरघर पूर्ण तासातून कमी करायची. मग “माझा आवाज येतोय का”, “कोणाचा माइक सुरू आहे” ही सगळी मिनिटे कापायची. तासाचा पाऊण तास होत असे. त्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या शांत जागा एका फटक्यात काढून टाकायची सोय आहे. ती वापरली तर आणखी पाच-सात मिनिटे वाचतील, असे मी सुचवले, तेव्हा तुम्ही मान हलवलीत. व्याख्या सांगून झाल्यावर सर जे थांबतात ते लिहून घेणाऱ्यासाठी थांबतात, ती जागा कापली तर मुलांच्या हातातला पेन मागे राहील, असे तुम्ही म्हणालात. पुढे बडवानीकडच्या एका मैत्रिणीने मला लिहिले की या फिती ऐकताना कोणीतरी आपल्याला लिहायला वेळ देते आहे असे वाटते. तिला ते कोणाचे लक्ष होते हे आता कळेल.

सुरुवातीच्या आठवड्यांत आमच्याकडे रिचार्जचेही पैसे नव्हते. तेव्हा होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत मेमरी कार्ड घालून तुम्ही ती कठड्यावर ठेवत होता आणि तुम्ही आत गेल्यावर मी ती उचलत होते. डबीवर तुमच्या अक्षरात तारीख आणि विषय लिहिलेली पट्टी असे. त्या सगळ्या पट्ट्या मी जपून ठेवल्या आहेत.

तुमचे सर्वांत मोठे उपकार मात्र आलेखांच्या बाबतीत झाले. अर्थशास्त्र आलेखांवाचून शिकवता येत नाही आणि ध्वनिफितीत आलेख दिसत नाही. “ही रेषा इथून अशी वर जाते आणि ही इकडे सरकते” या वाक्याने ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तुम्ही सरांना एक पानभर विनंतीपत्र लिहिलेत. रेडिओच्या श्रोत्याला कधीच फळा दिसलेला नाही, म्हणून बोलणाऱ्याने फळा शब्दांत आणायचा असतो, इतके साधे ते होते. ‘ही’, ‘ती’, ‘इकडे’, ‘असे’ हे शब्द टाळावेत, आधी अक्ष सांगावेत, मग रेषेचे नाव, मग तिचा उतार, आणि शेवटी काय हलले ते. त्यानंतरचा आयएस-एलएमचा, म्हणजे वस्तूंच्या आणि पैशाच्या बाजाराचा समतोल दाखवणाऱ्या दोन रेषांचा, तास मला शब्दशः आठवतो: आडव्या अक्षावर उत्पन्न, उभ्या अक्षावर व्याजदर, आयएस रेषा डावीकडे वरून सुरू होऊन उजवीकडे खाली उतरते, एलएम रेषा डावीकडे खालून उजवीकडे वर चढते, सरकारी खर्च वाढला की आयएस उजवीकडे सरकते, नवा छेदनबिंदू आधीच्यापेक्षा उजवीकडे आणि वर येतो, म्हणजे उत्पन्नही वाढते आणि व्याजदरही, आणि व्याजदर वाढल्यामुळे थोडी खाजगी गुंतवणूक मागे हटते. फोन उशाशी ठेवून, अंधारात, मी तो आलेख मनात काढला आणि सकाळी कागदावर उतरवला तेव्हा तो बरोबर होता. वर्गात फळ्यावर बघून उतरवून घेताना ही समज मला कधी आली नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

याचा लाभ आणखी एकाला झाला. आमच्या वर्गातला एक विद्यार्थी दृष्टिहीन आहे. तो फोनवर टॉकबॅक वापरून वाचतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर फोन त्याला वाचून दाखवतो. पण आम्ही सगळे वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर वह्यांच्या पानांचे फोटो टाकत होतो आणि फोटोतले हस्ताक्षर टॉकबॅकला वाचता येत नाही. त्याने कधी तक्रार केली नाही आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आले नाही. त्याची मला अजून खंत वाटते. काकूंच्या ते लक्षात आले. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या काकूंनी माझ्या वहीतली पाने फोनसमोर हिंदीत वाचून, बोलून टंकन करण्याच्या सोयीने मजकुरात आणली, चुका हाताने दुरुस्त केल्या आणि मग ती गटावर गेली. म्हणून हे आभार काकूंचेही आहेत, आणि ते मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवत नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट ओसरत असताना आमच्या चौथ्या सत्राची परीक्षा ‘ओपन बुक’ पद्धतीने झाली. प्रश्नपत्रिका फोनवर घ्यायची, उत्तरे घरी बसून हाताने लिहायची आणि उत्तरपुस्तिका ठरलेल्या केंद्रावर जमा करायची. पुस्तक उघडे असते म्हणून ही परीक्षा सोपी, असे बाहेरून वाटते. पण ज्याच्याकडे पुस्तकच नाही, ग्रंथालय बंद आहे आणि हाताशी फक्त ध्वनिफिती आहेत, त्याने त्या फितींत हवा तो मुद्दा शोधायचा कसा? त्याचे उत्तर तुमच्या वहीत पहिल्या दिवसापासून तयार होते. निळ्या पुठ्ठ्याची, आकाशवाणीच्या क्यू शीटसारख्या, म्हणजे कोणत्या फितीत काय कधी येते ते नोंदवणाऱ्या तक्त्यासारख्या, रकान्यांची वही: फितीचा क्रमांक, सुरुवातीचे शब्द, शेवटचे शब्द, कालावधी आणि कितव्या मिनिटाला कोणता मुद्दा. ‘१२.४० – गुणक, २३.१५ – गुणकाच्या मर्यादा’. मी त्या रकान्यांची पाने टंकून गटावर टाकली आणि पुढचे चार दिवस माझ्याकडे ज्यांचे फोन आले, ते सगळे ‘फीत क्रमांक अमुक, मिनिट अमुक’ अशाच भाषेत बोलत होते. वहीतला शेवटचा क्रमांक १८६ आहे.

तुम्ही कधी स्वतःच्या कामाविषयी बोलला नाहीत. मात्र घरबसल्या शिक्षण ही गोष्ट फोनबरोबर जन्माला आलेली नाही, हे तुम्ही मला समजावलेत. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ १९८४ पासून दूरदर्शनवर दिसत होता आणि आपल्याच देवी अहिल्या विद्यापीठात अशा शैक्षणिक कार्यक्रमांच्या निर्मितीचे केंद्र आहे, हे मला इंदुरात जन्मूनही माहीत नव्हते. ‘स्वयंप्रभा’ या सरकारी शैक्षणिक वाहिन्या इंटरनेटशिवाय, डिशवर दिसतात, हेही तुम्हीच सांगितलेत. भावाचे आणि माझे बरेच तास त्यामुळे आमच्या जुन्या टीव्हीवर झाले.

सगळे चांगलेच झाले असे मात्र मी लिहिणार नाही, कारण ते खरे होणार नाही. आमच्या वर्गातल्या काही जणी गावी गेल्या त्या परतल्याच नाहीत. त्यांच्या घरात फोन भावाच्या किंवा वडिलांच्या खिशात होता आणि ध्वनिफीत कितीही लहान केली तरी दुसऱ्याच्या खिशातल्या फोनवर ती ऐकता येत नाही. तुम्हाला मी हे सांगितले तेव्हा तुम्ही बराच वेळ गप्प होता आणि मग त्यांच्यापैकी एकीसाठी जुना रेडिओ-कम-प्लेअर दुरुस्त करून, त्यात कार्ड घालून, बाजारातल्या ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर पाठवलात. तो तिला मिळाला. तिने दोन पेपर दिले, उरलेले राहिले. तिचा पत्ता आता माझ्याकडे नाही. हे पत्र तिच्यापर्यंत गेले तर तिने मला जरूर कळवावे.

आज मी एका महाविद्यालयात अतिथी विद्वान, म्हणजे तात्पुरती प्राध्यापिका, म्हणून शिकवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेता येतात, त्यामुळे माझे विद्यार्थी वर्गात बसूनही बरेच फोनवर शिकतात. मी प्रत्येक तासाची ३२ केबीपीएसची फीत करते, फळ्यावर लिहिताना बोलत लिहिते आणि मिनिटांची यादी खाली जोडते. ‘इकडे’ हा शब्द तोंडून गेलाच, तर थांबून वाक्य पुन्हा म्हणते.

तुमचा मायक्रोफोन अजून माझ्याकडे आहे. त्याचा स्पंज झिजला होता, तो सियागंजातून आणून बदलला आहे. निळी वहीही आहे. तिच्यात माझ्या फितींचे क्रमांक १८७ पासून पुढे लिहू का, हे विचारायचे आहे. रविवारी सकाळी दोन्ही घेऊन येते. काकूंना सांगा, पोहे मी घरून करून आणीन.

आपली नम्र,
कठड्यापलीकडची विद्यार्थिनी