सुन्यास, सईच्या लॅपटॉपबद्दल

प्रिय सुन्या,

स.न.वि.वि. (हे अण्णांच्या हातात पत्र पडलं तर असावं म्हणून.) तू कसा आहेस ते विचारत नाही, इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडने तुमच्या घराची काय अवस्था केली ते वहिनींनी फोनवर सविस्तर सांगितलंय. पण तुझ्या सईला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि ते पण पुण्यात, एकदम भारी झालं. हॉस्टेल कर्वेनगरला म्हणजे आमच्यापासून चालत अंतरावर, तेव्हा जेवणाची काळजी सोड.

आता लॅपटॉप. तू म्हणालास पंचावन्न हजार आहेत, कंपनी कुठली ते एका शब्दात सांग. अरे एका शब्दात सांगता आलं असतं तर व्हॉट्सअॅपवरच सांगून मोकळा झालो असतो. एचपी, डेल, लेनोवो, असूस, एसर, सगळ्यांकडे चांगली मशीनं पण आहेत आणि नुसती किमतीत बसवलेली पण आहेत, आणि झाकणावर लोगो दोन्हीकडे तोच. थिंकपॅड पण लेनोवोचा आणि आयडियापॅड पण लेनोवोचाच, पण थिंकपॅड मुळात आयबीएमचा, लेनोवोने २००५ साली आयबीएमचा पीसीचा धंदाच विकत घेतला तेव्हा तो त्यांच्याकडे आला, आणि तो आजही ऑफिसवाल्यांना डोळ्यासमोर ठेवून बनतो. डेलने तर २०२५ मध्ये इन्स्पिरॉन, लॅटिट्यूड वगैरे जुनी नावंच मोडीत काढली आणि नुसतं डेल, डेल प्रो, डेल प्रो मॅक्स असं सुरू केलं, त्यामुळे आता "डेल घेतला" म्हणणाऱ्याने नक्की काय घेतलं ते देवच जाणे. म्हणून कंपनी सोड, मला पूर्ण मॉडेल नंबर पाठव, शेवटची ती अगम्य अक्षरं असतात ना त्यांच्यासकट. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये पाच-सहा प्रकार निघतात आणि आत प्रोसेसर कुठला, रॅम किती ही सगळी गंमत त्या शेवटच्या अक्षरांत असते.

गंमत म्हणजे कशी ते सांगतो, इथे जरा नीट वाच कारण सगळ्यात जास्त लोक इथेच गंडतात. प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, घे: एएमडी कंपनीचा रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. वेबसाइटवर दोन्ही "रायझन ५, ७००० सिरीज", किमतीत पण फार फरक नसतो, कुणालाही वाटेल सारखेच. पण त्या आकड्यातला तिसरा अंक आतली पिढी सांगतो. ७५२०मधला २ म्हणजे झेन २ नावाची, मूळ २०१९ ची जुनी रचना, आणि कोअर (म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे हात) चार. ७५३०मधला ३ म्हणजे झेन ३, आणि कोअर सहा. पहिला ७ फक्त २०२३ चं मॉडेल एवढंच सांगतो, म्हणजे जुन्या इंजिनवर नवीन वर्षाचा बिल्ला. वर आणखी ७५२०यूमध्ये रॅम (चालू कामाची मेमरी) बोर्डावरच चिकटवलेली येते, पुढे वाढवायचा प्रश्नच मिटला. ही लबाडी आहे असं मी म्हणत नाही, सगळं कंपनीने लिहूनच ठेवलंय, पण वाचतो कोण.

इंटेलचं पण तसंच. तुझ्या मेहुण्याला सांग की आय ७ म्हटलं की झालं असं नसतं. सातव्या जनरेशनचा आय ७-७६००यू घे, त्यात कोअर किती? दोन. बाराव्या जनरेशनच्या आय ५-१२३५यूमध्ये दहा आहेत (दोन मोठे, आठ छोटे, पण तरी). म्हणजे नाव आय ७ चं आणि दम आय ५ पेक्षा कमी. शेवटचं अक्षर यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जास्त ताकदीचा पण गरम होणारा आणि बॅटरी पिणारा. आणि नवीन मशीनवर "आय" दिसलाच नाही, नुसतं कोअर ५ किंवा कोअर अल्ट्रा लिहिलेलं असलं तर घाबरू नको, २०२३ पासून इंटेलने तो आयच काढायला सुरुवात केली. सेलेरॉन किंवा एन१०० वाल्या मशीनकडे मात्र बघू पण नको, स्वस्त दिसतात पण चार वर्षं रडवतील.

सईसाठी रॅम १६ जीबी, यात तडजोड नाही. ८ मध्ये विंडोज आणि क्रोमच अर्ध्याच्या वर खातात, मग ही पोरगी फोनची अॅप बनवायला अँड्रॉइड स्टुडिओ उघडणार, त्यात एम्युलेटर (म्हणजे स्क्रीनवरचा खोटा फोन) लावणार, गुगलच स्वतः त्याला १६ सांगतं. दुकानदार म्हणेल आत्ता ८ चा घ्या साहेब, पुढे वाढवून देऊ. त्याला विचार स्लॉट आहे का. नुसतं "हो हो" म्हणाला तर डेमोच्या मशीनवर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाब, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली उजवीकडे "स्लॉट्स यूज्ड" आणि "फॉर्म फॅक्टर" असं लिहिलेलं दिसेल. फॉर्म फॅक्टरला "एसओडिम" असेल तर काढता-घालता येणारी रॅम, "रो ऑफ चिप्स" असेल तर बोर्डावर सोल्डर केलेली. मी हे एका दुकानात करून दाखवलं तर तिथला पोरगाच माझ्याकडून शिकून घेत होता. आणि "पुढे वाढवू" हे आता तसंही महाग पडतं, एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीची मागणी इतकी वाढवलीय की २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, म्हणून पहिल्यापासून १६ असलेलाच बघ.

स्टोरेज, म्हणजे फाइली साठवायची जागा, ५१२ जीबीचा एनव्हीएमई एसएसडी (वेगवान प्रकारचा), बास. विंडोजमध्ये तो ४७६ दिसेल, फसवलं म्हणून भांडायला जाऊ नको, मोजायची पद्धत वेगळी आहे. स्क्रीन फुल एचडी आयपीएस हवी. या बजेटमध्ये बहुतेक ठिकाणी "२५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं असेल म्हणजे रंग फिके आणि खिडकीशी बसलं की स्क्रीनमध्ये आपलाच चेहरा दिसणार, पण कोडिंगला चालतं, फोटो एडिटिंगवालीने घेऊ नये एवढंच.

गेमिंग लॅपटॉपचं काय, तर नको. मला माहितीय सईनेच हळूच तुझ्या कानात घातलंय. वजन अडीच किलोच्या आसपास, चार्जरची वीट वेगळी, आणि पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने जाऊन बघ म्हणावं एक दिवस. मशीन लर्निंगला ग्राफिक्स कार्ड लागतं असं ती म्हणेल, ते खरं आहे, पण कॉलेजच्या कामापुरतं गुगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमधूनच, तसलं कार्ड (जीपीयू) फुकट वापरायला मिळतं. तिला चौदा इंची, दीड किलोच्या आसपासचा, टाइप-सीने चार्ज होणारा, आणि बॅटरी ५० वॅट-अवरच्या पुढची असा बघू. "दहा तास बॅकअप" वगैरे जाहिरातीवर जाऊ नको, वॅट-अवरचा आकडा बघ.

मजबुतीचं बोलायचं तर हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या लॅपटॉपचं हिंज तुटलं, कंपनीने "फिजिकल डॅमेज" म्हणून हात वर केले. होतं काय, हिंजचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात ते प्लास्टिकमध्ये रोवलेले असतात, झाकण रोज एका कोपऱ्याला धरून उघडलं की तो जोर सगळा त्या प्लास्टिकवर येतो आणि एक दिवस नट उपटून निघतो. दुकानात उघडताना मध्यभागी धरून एका हाताने उघड, कुरकुरतंय का, तळ उचलला जातोय का ते बघ. आणि अॅक्सिडेंटल डॅमेजचा प्लॅन घेतानाच घे, हॉस्टेल आहे ते, चहा सांडणारच. वॉरंटी ऑनसाइट आहे की मशीन सेंटरला घेऊन जावं लागणार ते पण विचार.

परवा तुझ्यासाठी म्हणून तपकीर गल्लीत, म्हणजे इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पण जाऊन आलो. गरवारे कॉलेजला मेट्रो धरली, सिव्हिल कोर्टला बदलली, मंडईला उतरलो, पार्किंगची कटकट नाही. तिथे रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले नीट करून विकायला ठेवलेले, लॅपटॉप ढिगाने. हिंजवडी, खराडीच्या कंपन्या लीजवर घेतलेली मशीनं तीन-चार वर्षांनी बदलतात, ती फिरत फिरत अशा दुकानांत येतात. खरं सांगू का, बजेट तीसच्या आत असतं तर मी डोळे झाकून तिथलाच थिंकपॅड टी४८० सांगितला असता, रॅमचे दोन स्लॉट, मागची बॅटरी हाताने निघते, कीबोर्ड तर विचारूच नको. फक्त प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा हवा, कारण विंडोज ११ इंटेलमध्ये त्याच्या आधीच्यांना अधिकृत चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. गल्लीत मात्र सहाव्या-सातव्या जनरेशनचे पण "विंडोज ११ टाकून देतो" म्हणून बिनधास्त विकतात. एकाने मला दाखवलेला वरून चकाचक, नवी स्किन मारलेली, मी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढला तर मूळ क्षमतेच्या निम्मी पण उरलेली नव्हती. तो म्हणाला, "साहेब, चार्जर लावूनच वापरायचा असतो." पुढे काय बोलणार.

पण तुझ्याकडे पंचावन्न आहेत आणि सईला चार वर्षं काढायचीत, तर नवाच घेऊ. रायझन ५ ७५३०यू किंवा आय ५-१३४२०एच, यातला जो १६ जीबीत मिळेल तो, कंपनी मग कुठलीही असो. विंडोज बरोबर आलेलाच घे, डॉसवाला (म्हणजे विंडोज नसलेला) तीन-चार हजारांनी स्वस्त दिसतो आणि मग कुणीतरी चोरीचं विंडोज टाकून देतं. नो कॉस्ट ईएमआयच्या नादी लागायचं असेल तर लक्षात ठेव, व्याजाएवढा डिस्काउंट देतात पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच माथी येते. रोख असतील तर रोख दे. ऑनलाइन मागवलास तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढ, सीलपासून. आणि आल्या आल्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचा पर्याय बहुतेक मशीनला असतो, तो चालू करायला सईला सांग, हॉस्टेलवर दिवसरात्र प्लग लावून ठेवतात पोरं.

तुम्ही येताय त्याच्या आदल्या दिवशी दोन-तीन मॉडेल नंबर पाठवून ठेव, मी बघून ठेवतो. सईच्या कॉलेजचं आयकार्ड नाहीतर बोनाफाइड घेऊन ये, स्टुडंट डिस्काउंटला मागतात. आणि मेहुण्याला आणू नको बरोबर, म्हणजे आण, पण दुकानात नको.

वहिनींना नमस्कार, अण्णांना साष्टांग.

तुझाच,
मंद्या